गवतापासून सीएमसी आणि सेल्युलोजचे बाकीचे पदार्थ: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपियर (चाऱ्याचं उंच गवत) लावलेले शेतकरी, लूमवाले, केमिस्ट्रीची पोरं असे सगळेच तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. वाचायला वेळ काढा, कारण यातली अर्धी माहिती पैसे वाचवणारी आहे आणि अर्धी जीव वाचवणारी.

हे नेमकं आहे तरी काय?

गवताच्या काडीत सेल्युलोज असतं, कापसात असतं तेच. ग्लुकोजचे कण एकापुढं एक जोडून झालेली लांब साखळी. ही साखळी पाण्यात विरघळत नाही, पण प्रत्येक कणावर तीन ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) मोकळे असतात आणि त्यांना दुसरं काहीतरी जोडलं की त्याच सेल्युलोजचा स्वभाव बदलतो, मग ते पाण्यात विरघळतं, डिंकासारखं चिकटतं, नाहीतर प्लॅस्टिकसारखं वितळतं. अशा बदललेल्या पदार्थांना सेल्युलोज डेरिव्हेटिव्ह म्हणतात. सोलापूरच्या कामाचा त्यातला पहिला म्हणजे सीएमसी, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. १९१८ च्या सुमारास जर्मनीत निघालं आणि १९२० च्या दशकात तिथंच कारखान्यात बनायला लागलं, म्हणजे तंत्र शंभर वर्षं जुनं आहे, कुणी नवीन शोध म्हणून विकत असेल तर सांभाळून.

सोलापुरातच हे करायचं कारण काय?

कारण गिऱ्हाईक दारात आहे. सिंगल सूत लूमवर चढवायच्या आधी उभ्या धाग्याला पाजणी करावी लागते, म्हणजे खळ लावून धागा गुळगुळीत आणि मजबूत करायचा, नाहीतर तो फणीत घासून तुटतो. दुपदरी सुताला पाजणी कमी लागते किंवा लागतच नाही. या खळीत स्टार्च असतं, पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) असतं आणि सीएमसी पण असतं. सीएमसी कापसाच्या धाग्याला छान धरतं कारण दोन्ही मुळात सेल्युलोजच, आणि नंतर नुसत्या गरम पाण्यानं धुऊन निघतं, स्टार्चला एन्झाइम लागतं तसं इथं लागत नाही. स्टार्चपेक्षा धुण्याच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे जिवाणूंना त्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, पण बराच कमी येतो. सीओडी, म्हणजे तीच घाण केमिकलनं मोडायला लागणारा ऑक्सिजन, मात्र राहतो, त्यामुळं पाणी तसंच सोडून दिलं तरी चालतं असा अर्थ कुणी काढू नका.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचे लूम, जिल्ह्यात दुभत्या जनावरांमुळं नेपियर सगळीकडं, आणि साखर कारखान्यांमुळं बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. कच्चा माल आणि वापरणारा इतक्या जवळ असलेलं गाव सहज सापडत नाही, म्हणून मला या विषयाची इतकी आस्था आहे.

कोणतं गवत घ्यायचं? फुले जयवंत, को-४, सुपर नेपियर?

जात कुठलीही चालेल, वय महत्त्वाचं. चाऱ्यासाठी आपण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी कापतो तेव्हा काडी कोवळी असते, पाणी आणि प्रोटीन जास्त, धागा कमी. लगद्यासाठी, म्हणजे सीएमसीच्या आधी गवत शिजवून जे सेल्युलोज वेगळं काढतात त्यासाठी, उलटं हवं, चार-सहा महिने उभं राहिलेलं, जाड काडीचं, जे जनावर तोंडात धरून टाकून देतं तसलं. सुकलेल्या नेपियरमध्ये सेल्युलोज ढोबळमानानं ३५ ते ४० टक्के, हेमिसेल्युलोज (सेल्युलोजसारखीच पण लहान, फांद्या असलेली साखळी) २० ते ३० आणि लिग्निन (काडीला कडक करणारा चिकट पदार्थ) १० ते २० टक्के असतं, बाकी राख वगैरे.

पानं काढून टाका, नुसती काडी घ्या. पानात सिलिका जास्त आणि ही सिलिका पुढं कॉस्टिकमध्ये (कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड) विरघळून काळ्या पाण्यात, म्हणजे गवत शिजवून उरलेल्या पाण्यात, उतरते आणि तिथं फार छळते. पानं जनावराला गेली तर चारा पण वाया जात नाही.

पण मग चाऱ्याचं काय? आणि पाण्याचं?

सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातही एखाद्या वर्षी दांडी. नेपियर बारमाही पाणी मागणारं पीक आहे. उजनीच्या कालव्यावर किंवा चांगल्या विहिरीवर असाल तर ठीक, पण टँकरच्या गावात लगद्यासाठी नेपियर लावा असं मी कुणालाच सांगणार नाही. उन्हाळ्यात चारा छावणीची वेळ येते त्या भागात जनावराच्या तोंडचा घास कारखान्याला देणं बरोबर नाही. जून झालेलं, पडून राहिलेलं, बांधावरचं गवत एवढ्यावरच हिशोब मांडा. ज्वारीच्या कडब्याबद्दलही लोक विचारतात. मालदांडीचा कडबा आपल्याकडं सोन्याच्या भावानं जातो, त्याला हात लावू नका.

जिल्ह्यात इतके साखर कारखाने, बगॅस घ्या ना, गवत कशाला?

बगॅस चांगलाच आहे, सेल्युलोज ४० टक्क्यांच्या पुढं जातं. अडचणी दोन. एक, त्यात पिथ म्हणजे आतला भुसा खूप असतो, वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा, तो केमिकल पितो आणि धागा देत नाही, म्हणून आधी वेगळा काढावा लागतो. दुसरं, कारखाने तो बॉयलरला जाळून वीज करतात, त्यामुळं तो फुकट नाही. कारखाना जवळ असेल आणि दर जमत असेल तर बगॅसच घ्या, खाली सांगितलेली पद्धत दोन्हीला लागू पडते.

आणि खरं सांगायचं तर सोलापुरात याहून सोपा कच्चा माल आहे, लूमवरची सुताची चिंधी आणि कापसाचा वेस्ट. कापसात सेल्युलोज नव्वद टक्क्यांच्या वर, लिग्निन जवळपास नाहीच. शिकायचं असेल तर पहिलं सीएमसी पांढऱ्या, न रंगवलेल्या, शंभर टक्के कॉटन वेस्टपासून करा, हात बसला की गवताकडं या. गवतापासून थेट सुरुवात केली आणि माल बिघडला तर चूक लगद्यात होती की रिअ‍ॅक्शनमध्ये हे कळत नाही आणि माणूस कंटाळून सोडून देतो.

गवतातून सेल्युलोज वेगळं कसं करतात?

इथं सगळं अडतं. लोक सीएमसीची रिअ‍ॅक्शन विचारतात, पण माल चांगला की वाईट हे लगद्यातच ठरून गेलेलं असतं.

काडी कडबाकुट्टीत दोन-तीन सेंटीमीटर तुकडे करून धुवायची, माती गेली पाहिजे, मग वाळवायची. त्यानंतर शक्य असेल तर प्री-हायड्रोलिसिस, म्हणजे प्रेशरखाली गरम पाण्यात किंवा अगदी पातळ अ‍ॅसिडमध्ये शिजवून हेमिसेल्युलोज आधी कमी करायचं. ही पायरी लोक गाळतात, पाजणीच्या मालासाठी गाळली तरी चालतं, चांगल्या ग्रेडसाठी नाही. मग सोडा कुकिंग, कोरड्या गवताच्या वजनावर १२ ते १८ टक्के कॉस्टिक, १५० ते १६० अंशांवर बंद डायजेस्टरमध्ये, म्हणजे प्रेशरच्या मोठ्या भांड्यात. गवताची रचना लाकडापेक्षा सैल असल्यामुळं लिग्निन लवकर सुटतं, तास-दीड तासात काम होतं, जास्त शिजवलं तर सेल्युलोजची साखळीच तुटत जाते. बाहेर येतो तो तपकिरी लगदा आणि काळं पाणी. लगदा धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

मग ब्लीच. क्लोरिनच्या भानगडीत पडू नका, हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा, पीएच ११ च्या आसपास, तापमान ७०-८० अंश. एक गोष्ट लक्षात ठेवा, पाण्यात लोह किंवा मँगनीज असेल तर पेरॉक्साइड लगद्यावर काम करायच्या आधीच फुटून जातं, म्हणून बोअरचं पाणी वापरत असाल तर आधी तपासून घ्या आणि ईडीटीएसारखं धातू धरून ठेवणारं काहीतरी घाला. शेवटी अजून शुद्ध हवं असेल तर थंड कॉस्टिकचा एक हात द्यायचा, उरलेलं हेमिसेल्युलोज त्यात निघतं.

घरी प्रेशर कुकरमध्ये करून बघू का?

नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात कॉस्टिक घातलं की ते धातूच खातं आणि हायड्रोजन गॅस निघतो, बंद कुकरमध्ये हे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. स्टीलचा कुकर असला तरी उकळतं कॉस्टिक शिट्टीतून उडालं तर डोळा जातो. लॅबमध्ये, स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात, गॉगल आणि हातमोजे घालून, आणि कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडं थोडं टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही.

लगदा जमला हे कसं ओळखायचं?

रंगावर जाऊ नका. अल्फा सेल्युलोज काढा. लगदा २० अंशांच्या आसपास १७.५ टक्के कॉस्टिकमध्ये ठेवला की जे विरघळत नाही ते अल्फा. चांगल्या सीएमसीला हे ९० टक्क्यांच्या वर हवं. पाजणीच्या ग्रेडला थोडं कमी चालून जातं, कारण उरलेलं झायलन (हेमिसेल्युलोजचाच मुख्य भाग) पण रिअ‍ॅक्शनमध्ये भाग घेतं, फक्त ते केमिकल खातं आणि माल पिवळसर, पातळ होतो. लिग्निन किती राहिलंय त्यासाठी कप्पा नंबर काढतात.

लगद्यापासून सीएमसी कसं होतं?

पायऱ्या दोनच. आधी लगद्याला कॉस्टिक पाजून फुगवायचं, म्हणजे अल्कली सेल्युलोज होतं. मग त्यात मोनोक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घालायचं, याला सगळे एमसीए म्हणतात. हे सगळं आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये करतात, आयपीए. नुसत्या पाण्यात केलं तर वरचा थर विरघळून चिकट गोळा होतो आणि आतलं तसंच राहतं, शिवाय एमसीए पाण्याशीच रिअ‍ॅक्ट होऊन ग्लायकोलेट बनून वाया जातं.

लॅबचा हिशोब असा. १० ग्रॅम सुका, पिंजलेला लगदा, २०० मिली आयपीए, ढवळत ढवळत साधारण साडेपाच ग्रॅम कॉस्टिक थोड्याच पाण्यात विरघळवून थेंब थेंब, तासभर खोलीच्या तापमानाला. मग ६ ग्रॅम एमसीए थोड्या आयपीएत विरघळवून हळूहळू, आणि ५५-६० अंशांवर तीन-साडेतीन तास. एमसीएच्या प्रत्येक रेणूला कॉस्टिकचे दोन लागतात, एक अ‍ॅसिड मोडायला आणि एक क्लोरीन काढायला, हे ज्याच्या डोक्यात बसलं त्याचा अर्धा घोळ मिटला. शेवटी गाळायचं, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडनं न्यूट्रल करायचं, ७०-८० टक्के अल्कोहोलनं चार-पाच वेळा धुवायचं आणि ६० अंशांवर वाळवून दळायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एमसीए हे नुसतं जळजळणारं अ‍ॅसिड नाही, ते कातडीतून आत जाऊन विषबाधा करतं. एका हातभर जागेवर सांडलं तरी माणूस दगावू शकतो, आणि त्रास तास-दोन तासांनी सुरू होतो त्यामुळं सुरुवातीला माणूस म्हणतो काही झालं नाही. सांडलं की लगेच कपडे काढून भरपूर पाणी आणि थेट हॉस्पिटल, डॉक्टरला केमिकलचं नाव सांगायचं, घरी बसून वाट बघायची नाही. आणि आयपीएचा फ्लॅश पॉइंट १२ अंशांच्या जवळ आहे, म्हणजे सोलापुरात वर्षातले जवळपास सगळे दिवस त्याची वाफ पेट घ्यायला तयार असते, मे महिन्याच्या ४२-४३ अंशांत तर विचारूच नका. शेगडी, उघडी मोटर, बिडी, काहीच जवळ नको. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हे काम करू नका.

डीएस डीएस म्हणतात ते काय?

डिग्री ऑफ सब्स्टिट्यूशन. तीन ओएचपैकी सरासरी किती बदलले, तो आकडा. जास्तीत जास्त ३. बाजारातल्या सीएमसीचा बहुतेक ०.७ ते १.२ असतो, साधारण ०.४ च्या खाली गेला तर माल पाण्यात नीट विरघळत नाही, नुसता फुगतो.

मोजायला सोपं आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये होतं. माल अल्कोहोलमध्ये नायट्रिक अ‍ॅसिडनं अ‍ॅसिड रूपात आणायचा, धुऊन वाळवायचा, मोजून घेतलेल्या कॉस्टिकमध्ये विरघळवायचा आणि उरलेलं कॉस्टिक हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडनं टायट्रेट करायचं. एका ग्रॅमला किती मिलिइक्विव्हॅलंट कॉस्टिक लागलं तो आकडा समजा 'अ', तर डीएस म्हणजे ०.१६२ गुणिले अ, भागिले (१ वजा ०.०५८ गुणिले अ). अ जर ३.४५ आला तर डीएस ०.७. विकणारा डीएस सांगत नसेल तर त्याला विचारा, खळीचं गणित त्यावरच असतं.

शंभर किलो गवतातून किती माल?

शंभर किलो ओलं नेपियर वाळल्यावर वीस-बावीस किलो. त्यातून धुऊन, ब्लीच करून शुद्ध लगदा धरा पाच-सहा किलो. सीएमसी करताना मात्र वजन वाढतं, कारण साखळीला नवीन गट जोडले जातात: ग्लुकोजच्या एका कणाचं वजन १६२, डीएस ०.७ ला ते २१८ होतं, म्हणजे सुमारे १.३५ पट. कागदावर सात-आठ किलो, धुण्यात थोडं जातं. पाच टनाची ट्रॉली भरून आणली तरी घरात साडेतीनशे किलोच येणार, हा आकडा समोर ठेवूनच वाहतुकीचा विचार करा. गवत शेतातच वाळवून आणा, पाणी वाहून आणायचे पैसे देऊ नका.

न धुता तसंच विकलं तर?

बाजारात टेक्निकल ग्रेड म्हणून तसंच जातं. रिअ‍ॅक्शनमध्ये दर १०० ग्रॅम सीएमसीमागं साधारण २७ ग्रॅम मीठ आणि, एमसीएचा ७० टक्के भाग कामी आला असं धरलं तर, १३ ग्रॅम ग्लायकोलेट तयार होतं, म्हणजे न धुतलेल्या मालात खरं सीएमसी ७० टक्क्यांच्या आसपास. पाजणीला ते चालतं पण मिठामुळं फणीला आणि लोखंडी भागांना गंज धरतो, म्हणून निदान एकदा धुतलेला माल द्या आणि पोत्यावर प्युरिटी लिहा. लूमवाल्याला फसवून एकदा विकता येईल, दुसऱ्यांदा तो दार उघडणार नाही.

पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, काय करू?

एकदम ओतता म्हणून होतात. पाणी जोरात ढवळत ठेवा आणि पावडर चिमटी चिमटीनं, पिठल्याला बेसन लावतो तसं, आणि मग अर्धा-एक तास फिरू द्या. किंवा आधी थोड्या अल्कोहोलनं ओलं करून घ्या. पाणी फार जड असेल तर सीएमसी पातळ पडतं, आणि लोह किंवा तुरटीसारखे क्षार असतील तर जेलीच होते.

पाजणीला पातळ, कमी व्हिस्कॉसिटीचाच माल लागतो, तो धाग्यात शिरला पाहिजे. गवताच्या लगद्याची साखळी कापसापेक्षा लहान असते आणि बाकी ठिकाणी तो दोष समजतात, इथं मात्र तो फायदाच आहे.

प्रिंटिंगला चालेल का?

रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला साधं ०.७ चं सीएमसी वापरू नका. त्यातले शिल्लक ओएच रंगाशीच रिअ‍ॅक्ट होतात, रंग कपड्याला कमी लागतो आणि कापड हाताला कडक लागतं. म्हणून तिथं सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळापासूनचा डिंक) वापरतात किंवा खूप जास्त डीएसचं सीएमसी.

सीएमसी सोडून गवतापासून अजून काय होतं?

मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, म्हणजे गोळ्या दाबताना औषधवाले वापरतात ती पांढरी पावडर. शुद्ध लगदा पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये उकळला की साखळीचे सैल भाग तुटून जातात आणि घट्ट भाग उरतात. हे खरं तर डेरिव्हेटिव्ह नाही, पण लॅबला सगळ्यात सोपं. एचपीएमसी, जे टाइल चिकटवायच्या पावडरमध्ये असतं, त्याला मिथाइल क्लोराइड आणि प्रोपिलीन ऑक्साइड लागतात, दोन्ही विषारी, पेट घेणारी आणि प्रेशरखाली वापरायची, छोट्या युनिटचं काम नाही. सेल्युलोज अ‍ॅसिटेटपासून चष्म्याच्या फ्रेमी होतात, त्याला अल्फा फार वरचा लागतो. व्हिस्कोसला कार्बन डायसल्फाइड लागतं, त्याच्या वाफेनं कामगारांच्या नसा खराब होतात. नायट्रोसेल्युलोज हा स्फोटक पदार्थ आहे, त्याबद्दल मला विचारू नका.

खायच्या पदार्थात घालता येईल?

सीएमसी आइस्क्रीम, सॉसमध्ये असतंच, ई-४६६ नावानं. पण त्याला ९९.५ टक्के प्युरिटी, जड धातूंची तपासणी आणि एफएसएसएआयचं लायसन्स लागतं. पाजणीचा माल खाण्यात जाता कामा नये, पोती वेगळी, गोडाऊन वेगळं.

काळ्या पाण्याचं काय करायचं?

याचं उत्तर ज्याच्याकडं नाही त्यानं डायजेस्टर विकत घेऊ नये. या पाण्यात लिग्निन, तुटलेली साखर, सिलिका आणि भरपूर सोडियम असतं. मोठ्या लाकडाच्या मिल हे आटवून जाळतात आणि सोडा परत मिळवतात, पण गवताच्या पाण्यातली सिलिका आटवणीच्या नळ्यांत थर धरते, म्हणून लहान मिलना ते जमत नाही.

"शेतात सोडू, खत होईल" असं म्हणणारे भेटतात. आपली काळी माती आहे, सोडियम गेलं की मातीचे कण सुटे होतात, पाणी आत मुरत नाही आणि जमीन चोपण होते, एकदा चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम घालून वर्षं जातात. नाल्यात सोडलं तर ते सीनेत जाणार, भीमेत जाणार, तिथं खालच्या गावचं प्यायचं पाणी आहे.

करता येतं ते असं: अ‍ॅसिड घालून पीएच दोन-तीनपर्यंत आणला की लिग्निन खाली बसतं, ते गाळून जाळायला किंवा बाइंडर म्हणून वापरता येतं. उरलेल्या पाण्याला ट्रीटमेंट प्लांट लागतोच. दुसरा रस्ता, सोडियमऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं शिजवायचं, मग उरलेल्या पाण्यात पोटॅश असतं आणि न्यूट्रल करून, तपासून खतासारखं वापरायचा विचार होऊ शकतो. ते महाग आहे, पण मला आपल्या भागासाठी हाच रस्ता जास्त पटतो.

परवानग्या?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवायची अशा दोन संमती, फॅक्टरीचं लायसन्स, फायर एनओसी. आयपीएऐवजी इथेनॉल वापरायचं असेल तर उत्पादन शुल्क खात्याची परवानगी वेगळी. नुसता तयार लगदा आणून सीएमसी करणार असाल तर काळ्या पाण्याचं ओझं उरत नाही, मिठाचं पाणी आणि सॉल्व्हंट परत मिळवणं एवढंच राहतं, म्हणून नवीन माणसाला मी आधी हेच सांगतो.

परवडेल का, सरळ सांगा.

सॉल्व्हंट परत मिळवलं तर परवडायची शक्यता आहे, नाही मिळवलं तर नाही. १० ग्रॅमला २०० मिली हे लॅबमध्ये ठीक, कारखान्यात तेवढं आयपीए दर बॅचला उडून गेलं तर मालापेक्षा ते महाग पडेल. कारखान्यात सॉल्व्हंट बरंच कमी घेतात आणि डिस्टिलेशन लावून पुन्हा पुन्हा वापरतात. एकट्या शेतकऱ्यानं करायचा हा धंदा नाही, दहा-वीस जणांनी गवत आणि दोन-चार लूमवाल्यांनी खरेदीची हमी, असं काही जमलं तर बोलू.

विद्यार्थी आहे, प्रोजेक्ट करायचाय, कुठं जाऊ?

सोलापूर विद्यापीठातल्या किंवा तुमच्या कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या सरांना, मॅडमना गाठा, फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) असलेली लॅब हवी. मुंबईला माटुंग्यात सिरकॉट ही कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, कापसाच्या सेल्युलोजवर तिथं खूप काम झालंय, लगद्यासाठी सहारनपूरची सीपीपीआरआय, म्हणजे लगदा आणि कागदाची केंद्रीय संशोधन संस्था. विषय लहान ठेवा: एकाच प्लॉटमधलं दीड महिन्याचं आणि पाच महिन्यांचं नेपियर घ्या, दोन्हीचा लगदा करा, अल्फा आणि डीएस काढा, आणि ती खळ एखाद्या ओळखीच्या लूमवाल्याच्या सुताला लावून धागा किती वेळा तुटतो ते मोजा. रीडिंग पाठवा, मी इथं तुमच्या परवानगीनं टाकीन.